मायची झोप

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी २०२५

चि. कौसल्या,
सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. चौकातून कामठीचे ऑटो दर दहा मिनिटांनी सुटतात. तरी साडेअकरा वर्षांत माझं तिकडे येणं झालं नाही, तुझं इकडे झालं नाही. त्याबद्दल या पत्रात काही नाही. काम वेगळं आहे.

२८ डिसेंबरला मी पडले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर आहे. उजवा हात चांगला आहे, त्यामुळे अक्षर बिघडलेलं नाही, हे तुला दिसतच असेल.

पडले कशी, ते सांगते. दुपारी जेवून खुर्चीत बसले. डोळा लागला. जाग आली तेव्हा खिडकीत राखाडी उजेड होता आणि घड्याळात सव्वासहा वाजले होते. मी दात घासले, पाणी तापवून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि दुधाची बरणी घेऊन निघाले. फाटकाशी सरिता भेटली. ही माझी भाडेकरू, मागच्या दोन खोल्यांत राहते. कळमन्याच्या धान्य बाजारात एका अडत्याकडे लिहिण्याचं काम करते. मोहल्ल्यात सगळे मला अजूनही ऑपरेटर बाई म्हणतात, तीही म्हणते.

"ऑपरेटर बाई, कुठं चालल्या?"

"दूध आणायले. आज उठायले उशीर झाला."

ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, संध्याकाळचे पावणेसात वाजून राहिले. मी कामावरून आली."

मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि वळले. वळताना पायरी चुकली. अशक्तपणा नव्हता. ओशाळले होते म्हणून घाई केली, इतकंच.

हाडाच्या डॉक्टरने मला म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं आहे. धंतोलीत दवाखाना आहे. बुधवारी जायचं आहे. त्यांनी आधीच एक फॉर्म भरायला दिला. त्यात आईवडिलांच्या आजारांचा रकाना आहे आणि त्यात एक प्रश्न झोपेचाही आहे. मायची दवाखान्याची खाकी फाइल तुझ्याकडे आहे. ती पोस्टाने पाठवलीस तर बरं होईल. पत्र लिहायला नको, नुसती फाइल पाठव.

अश्विनला आशीर्वाद. त्याचं लग्न झाल्याचं कळलं होतं.

तुझी
सुभद्रा


३० जानेवारी २०२५

चि. कौसल्या,
जयभीम.

फाइल आली नाही. रकाना कोराच दिला.

डॉक्टर तरुण आहेत, केयूर नाव. बोलताना खुर्ची ओढून समोर बसतात, टेबलाआडून बोलत नाहीत. त्यांनी आधी मला एक दांडा मुठीत दाबायला लावला. त्यावर काटा होता. मी पूर्ण जोर लावला. त्यांनी आकडा लिहून घेतला. मग जमिनीवर चार मीटरच्या दोन पट्ट्या मारलेल्या होत्या, तेवढं नेहमीसारखं चालायला सांगितलं आणि वेळ मोजली. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी उठू शकले नाही. तू मला ओळखतेस. मी म्हटलं, खुर्ची बुटकी आहे. ते म्हणाले, "असेल जी," आणि तेही लिहून घेतलं.

मग घड्याळासारखा एक पट्टा उजव्या हाताला बांधून दिला. दोन आठवडे काढायचा नव्हता. माणूस कधी हलतो, कधी निजतो, उजेडात किती असतो, हे त्यात नोंदलं जातं. काल त्याचा कागद मिळाला. दर दिवसाची एक आडवी ओळ, आणि झोप असेल तिथे काळी पट्टी. चांगल्या माणसाची काळी पट्टी एका जागी, सलग असते म्हणे. माझ्या कागदावर दोनही आठवडे काळे तुकडे सांडलेले होते. सकाळी नऊला तुकडा, दुपारी मोठा, संध्याकाळी एक, रात्री तीन-चार लहान. उजेडाची रेघ जवळजवळ सपाट. मी दोन आठवड्यांत दोन तासही उन्हात नव्हते.

मी म्हटलं, बावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजला रात्रपाळी केली, त्याचा हा परिणाम असणार.

ते म्हणाले, थोडा तोही असेल. पण शरीरात एक घड्याळ असतं आणि त्याला रोज चावी द्यावी लागते. सकाळचा उजेड, वेळेवरचं जेवण आणि चालणं-फिरणं ही ती चावी. म्हातारपणी डोळ्यांतून उजेड आधीच कमी आत जातो. त्यात माणूस अंधाऱ्या खोलीत बसून राहिला, की घड्याळाला दिवस कळत नाही आणि रात्रही कळत नाही. झोप तुटली की अंगातली ताकद जाते, ताकद गेली की माणूस आणखी बसून राहतो, आणि मग पडतो. "तुमचं मनगट पायरीमुळं नाही मोडलं बाई," ते म्हणाले, "ते सहा महिन्यांपासून मोडून राहिलं होतं."

मी त्यांच्याकडे झोपेची गोळी मागितली. ते नाही म्हणाले. तुमच्या वयात आणि या पायांनी गोळी घेतली तर दिवसासुद्धा गुंगी राहील, उठताना तोल जाईल आणि या वेळी मनगटावर भागणार नाही, खुबा जाईल. मग विचारलं, याआधी अशी गोळी कधी घेतली होती का. मी नाही म्हटलं. ते खरं आहे. मी स्वतः कधी घेतली नाही.

आता रोज सकाळी सातला बाहेरच्या ओट्यावर तासभर बसते. पट्टा सुटला, पण वेळेवर जेवायचं आहे, आणि टेकू न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव करायचा आहे. आज चार वेळा उठले.

फाइल सापडली नसेल तर तसं कळव.

सुभद्रा


२१ फेब्रुवारी २०२५

कौसल्या,
जयभीम.

काल मेघाचा फोन आला. तुझ्या सुनेशी मी पहिल्यांदाच बोलले. आवाज चांगला आहे, शब्द खात नाही. माझी दोन्ही पत्रं तू न फोडता गादीखाली ठेवलीस आणि चादर बदलताना ती तिला सापडली. तिने फोडून वाचली. तिच्यावर रागावू नकोस. माझ्या पत्राच्या मागे नंबर होता, तो तिने लावला.

"मावशी, मी मेघा बोलून राहिली, कामठीवरून. तुमच्या पत्रात जे लिवलं आहे ना, तसंच आमच्या आईचं होऊन राहिलं."

मग तिने सांगितलं. तिचे सासरे, ओमप्रकाश, गेल्यापासून तू आतल्या खोलीत असतेस. खिडकी बंद. अकराला जेवतेस, कधी चारला, कधी जेवतच नाहीस. दोन वर्षांपासून झोपेची गोळी घेतेस. आधी अर्धी घ्यायचीस, आता एक, आणि गेल्या महिन्यात कधीकधी दीड. दिवाळीपासून दोनदा भिंतीला धरून खाली बसलीस आणि कोणाला सांगू नको म्हणालीस. मी तिला गोळीचं नाव विचारलं. तिने पाकीट आणून वाचून दाखवलं.

तीच गोळी आहे, कौसल्या. मायची.

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. फाइल मागितली ते निमित्त होतं. तिच्यातला चिठ्ठीचा कागद तुझ्याकडे अजून आहे का, एवढंच मला बघायचं होतं. त्यावर डॉक्टरने अर्धी गोळी लिहिली होती. माय पडली तेव्हा तू दवाखान्याच्या व्हरांड्यात मला विचारलंस, "किती देऊन राहिली होती तू मायले?" मी म्हटलं, "लिहिली तेवढीच. अर्धी."

ते खोटं होतं.

शेवटच्या वर्षात माय दिवसभर निजायची आणि रात्री घरभर फिरायची, हे तुला माहीत होतं. पण ते कसं असायचं, हे तुला माहीत नव्हतं. ती चादरी घड्या करायची, मोडायची, पुन्हा करायची. चुलीपाशी जाऊन भाकरी मागायची. कडी काढायची. रात्रपाळी तेव्हा सुटली होती, मला सकाळी आठला ड्युटीवर पोचायचं असायचं. अर्धी गोळी दिली की ती तीन तास निजायची. मग मी एक देऊ लागले. एक दिली की पहाटेपर्यंत निजायची. उन्हाळ्यात एकीने भागेना, मग दीड. मी कोणाला विचारलं नाही. दुकानदार ओळखीचा होता.

दीड गोळीची माय दिवसा उठून बसायची नाही. भरवताना तोंडात घास तसाच राहायचा. तिच्या पायांच्या पिंडऱ्या वाळल्या, ते मला आंघोळ घालताना हाताला लागायचं. मी म्हणायचे, वय झालं. एकोणऐंशी.

२० जुलैला सकाळी सातला मी लुगड्याला इस्त्री करत होते. माय स्वतःच उठली, मोरीकडे निघाली. मी तिला उठताना पाहिलं. तिचे पाय नीट पडत नव्हते हेही पाहिलं. काठ तेवढा राहिला होता. मी इस्त्री ठेवली नाही. तो काठ पुरा केला आणि मग आवाज आला.

एकोणीस दिवस ती राहिली. ती पडली तेव्हा माझ्या निवृत्तीला सव्वा महिना होता.

व्हरांड्यात तू म्हणालीस, "तू तिले झोपवून झोपवून अधू केलं." तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं की, तू एक आठवडा तरी नेलं काय तिले कामठीले? तुझ्या घरी तेव्हा ओमप्रकाश अर्धांगाने अंथरुणावर होते. मला ते माहीत होतं. तुला लागावं म्हणूनच मी ते बोलले. ओमप्रकाश गेले तेव्हा निरोप मिळूनही मी आले नाही, कारण तुझ्यासमोर उभं राहायला काही नव्हतं.

तू बरोबर होतीस. हे कबूल करायला मी साडेअकरा वर्षं घेतली आणि मेघाचा फोन आला नसता तर आणखी घेतली असती. मी चांगली होऊन हे लिहीत नाही. तू मायच्या रस्त्याने चालली आहेस आणि तो रस्ता मी एकदा शेवटपर्यंत पाहिला आहे, म्हणून लिहिते.

गोळी एकदम बंद करू नकोस. मी काल डॉक्टरांना फोन करून विचारलं. एकदम सोडली तर त्रास होतो, हळूहळू कमी करावी लागते आणि ती त्यांनीच करायला हवी. मेघाला मी दवाखान्याचा पत्ता दिला आहे. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. तिथे जा.

सुभद्रा


१७ मार्च २०२५

चि. कौसल्या,
सप्रेम जयभीम.

काल तू येऊन गेलीस. सहा तास होतीस आणि आपण दोघी मिळून फार तर अर्धा तास बोललो असू. जे बोलणं झालं नाही ते लिहिते. तोंडाने मला जमत नाही, हे आता दोघींनाही माहीत आहे.

मी ओट्यावर बसले होते. ऑटोतून एक बाई उतरली, दोन्ही हातांनी दांडा धरून. उतरल्यावर ती जागीच उभी राहिली, पाय जमिनीवर बसेपर्यंत थांबल्यासारखी. मी मनात म्हटलं, ह्या बाईला चार मीटरला दहा सेकंद लागतील. मग तिने वर पाहिलं आणि ती तू होतीस. तुझ्या मागून मेघा उतरली. तुझे केस पूर्ण पांढरे झाले आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तू ओट्यापाशी येऊन म्हणालीस, "सरक थोडी." एवढंच. मी सरकले.

बराच वेळ आपण समोरच्या घरचं बांधकाम बघत बसलो. मेघा सरिताकडे चहा करायला गेली. मग तू म्हणालीस, "फाइल नाही आणली मी. आठ वर्षं झाली, घर बांधलं तवा कबाडात गेली."

जी फाइल पोस्टाने येईल म्हणून मी दोन महिने पोस्टमनची वाट पाहत होते आणि येऊ नये असंही वाटत होतं, ती आठ वर्षांपूर्वीच रद्दीत गेली होती.

मी विचारलं, "मग तुले कसं माहीत होतं?"

"मायच्या उशाखाली रिकामी पाकिटं होती. मी त्याच दिवशी पाहिली, ती दवाखान्यात असताना. मोजली."

"मग मले विचारलं काहून?"

"तू सांगशील म्हणून."

तू हे रागाने म्हणाली नाहीस. दुकानात भाव विचारावा तशी म्हणालीस. तेवढ्यात मेघा चहा घेऊन आली.

जेवताना तू मला सांगितलंस की तू डॉक्टरांकडे जाऊन आलीस, की खुर्चीतून तू दोनदाच उठू शकलीस, की आता गोळीचा पाव भाग कमी केला आहे आणि पहिले चार दिवस वाईट गेले. आणि हेही सांगितलंस, "मी माफ केलं असं समजू नको वं. मायचं मी माफ नाही करू शकत. पण तुह्या पत्रातलं ते इस्त्रीचं वाचलं आणि मले वाटलं, आता ही खोटं बोलून नाही राहिली." मी हाव म्हटलं. मला त्याहून जास्त नको होतं.

पण त्या पत्रात सगळं नव्हतं. एक राहिलं होतं आणि ते मी काल तुझ्या तोंडावर सांगणार होते. सांगितलं नाही. आता लिहिते. गोळ्यांपेक्षा मला ते जास्त छळतं.

मायच्या खोलीच्या खिडकीला मी पुठ्ठा ठोकला होता. लोकांना सांगायचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड खुपतो. खुपत नव्हता. अंधार असला की ती पडून राहायची, म्हणून ठोकला होता. आठवड्यात मला एक रविवार मिळायचा. रविवारी मी उशिरापर्यंत निजायचे. माय आतून हाक मारायची, "सुभद्रे, उजाडलं काय वं?" नऊ वाजलेले असायचे. बाहेर भाजीवाला ओरडत असायचा. आणि मी अंथरुणातून म्हणायचे, "नाही माय, रात्र आहे. झोप."

ती झोपायची. माझ्यावर विश्वास ठेवून झोपायची. कधी म्हणायची, "आज रात्र लय मोठी आहे." एकदा दहा वाजता तिने तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. असे किती रविवार, ते मी मोजलेले नाहीत. डॉक्टर केयूर ते चावीचं बोलत होते तेव्हा मी मान हलवत ऐकत होते. मला मायचा हाच आवाज ऐकू येत होता.

हे वाचून तू पुन्हा येणं बंद केलंस तर मी समजेन.

आता कालचं शेवटचं. जेवण झाल्यावर मेघा सरिताबरोबर बाजारात गेली आणि तू माझ्या खाटेवर जरा पाठ टेकते म्हणालीस. लगेच निजलीस. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. तू तोंड थोडं उघडं ठेवून निजतेस. मायसारखं. हात छातीवर होता, त्याच्या नसा वर आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं होतं, चार वाईट दिवसांचं. मला वाटलं, निजू दे. इतक्या दिवसांनी आली आहे, दमली आहे, माझ्या घरी निजली आहे. पडदा ओढून घ्यावा म्हणून मी उठलेसुद्धा. टेकू न घेता उठले, ते नंतर लक्षात आलं.

आयुष्यभर मला निजलेलं माणूस आवडत आलं आहे. एक्सचेंजला रात्री सगळं गाव निजलं की बोर्ड शांत व्हायचा आणि बरं वाटायचं. माय निजली की बरं वाटायचं. काल पहिल्यांदा मला निजलेल्या माणसाची भीती वाटली. मी पडद्याला हात घातला होता, तो सोडला. खाटेशी आले आणि तुझ्या खांद्याला हात लावला.

तू उठली नाहीस. मी हलवलं. "कौसल्या. ऊठ वं."

तू डोळे उघडलेस. कुठे आहेस ते तुला क्षणभर कळलं नाही. माझ्याकडे पाहत राहिलीस आणि मग विचारलंस, "किती वाजले?"

मी वळून भिंतीवरचं घड्याळ नीट पाहिलं, आणि सांगितलं, "तीन वाजून दहा मिनिटं. दिवस आहे."

तुझी ताई,
सुभद्रा